लाभ, दोन, तीन

तिसरीच्या गणितात भांड्यात किती मावतं ते मोजायचा एक पाठ आहे. भोरच्या ज्या शाळेत मी आता शिकवते तिथे तिसरीत अडतीस मुलं आहेत आणि त्यांना हा पाठ म्हणजे सुट्टीच वाटते. पाणी सांडतं, फरशी ओली होते, एकदोघं घसरून पडतात. एरवी मी केव्हाच ओरडले असते. मला ओरडायला फारसं कारण लागत नाही, हे घरात आणि शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेली दोन वर्षं या एका पाठाला मी ओरडत नाही. मोजपात्र मुलांच्या हातात देते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. कुणी येऊन विचारलं, "बाई, बरोबर आहे का?" तर म्हणते, "तूच परत मोज आणि तूच मला सांग." मुलांना वाटतं, आज बाईंचं डोकं दुखतंय.

हे ज्या मुलीमुळे झालं तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही. नवऱ्याला सांगायला घेतलं होतं, पण माझी बाजू चांगली दिसेल तिथवरच सांगितलं आणि भाजी करपतेय म्हणून उठले.

भोरला बदली व्हायच्या आधी चार वर्षं मी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवर होते. गुंजवण्याच्या वर, अकरा घरं आणि माणसांपेक्षा जास्त म्हशी. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. पहिली ते चौथी मिळून सात मुलं, आणि शिकवायला मी एकटी. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती, ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. तिसरीत एकच मुलगी होती. मी तिला तिसरीच म्हणायचे. "ए तिसरी, फळ्याकडे बघ." "तिसरी, खडू कुठे गेला?" अख्खा वर्ग तू एकटी, म्हणजे पहिला नंबरही तुझा आणि शेवटचाही तुझाच, असं मी तिला चिडवायचे. ती जरा विचार करून म्हणाली होती, "मंग मधला कुनाचा बाई?"

तिचे आईवडील कापूरहोळला होते. वडील एका गॅरेजात गाड्यांची चाकं काढायचे-घालायचे. पाठचं भावंड लहान होतं, म्हणून हिला वर आजा-आजीजवळ ठेवलेलं. घरात लग्नाची आत्या होती, ती रोज म्हशी घेऊन रानात जायची. आजाला सगळी वस्ती आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात आबा ओट्यावर येऊन बसले. तंबाखू मळून झाली तरी बोलेनात, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी नको ते निघणार.

"बाई, पोरीला तिसरीपातुर शिकवा. मंग बास."

"का?"

"म्होरल्या उन्हाळ्यात हिच्या आत्याचं लगीन हाय. मंग म्हशींमागं कोन जायचं?"

मी कायदा सांगितला. चौदा वर्षांपर्यंत मूल शाळेत पाहिजे, नाहीतर मला वरून जाब विचारतात, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "कायदा येतो का म्हशी राखाया?" त्यांनी विचारलं, आणि त्यात चेष्टा नव्हती. मग त्यांनी टेबलावरचं तिसरीचं पुस्तक उचललं. वाचता येत नसलं तरी पान न् पान उलटून पाहिलं. "ह्यात म्हशीचं काय हाय?"

मला ते झोंबलं. एकवीस वर्षं शिकवत होते, आणि मला कुणी तोंडावर असं विचारलं नव्हतं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, आबा, या एका वर्षात ही घड्याळ बघेल, कॅलेंडर बघेल, आईला पत्र लिहील, आजीच्या औषधावरचं वाचून दाखवेल. आणि दूध मोजेल. तुमचं माप उद्या हीच बघेल. वर्षभरात पोरगी तुमच्या कामाची झाली नाही तर मी पुढे तोंड उघडणार नाही. झाली, तर चौथीला बसवायची, आणि चौथीनंतर मी तिला भोरला नेईन. कबूल?

"दुधाच्या मापाला काय शिकायचं?" आबा हसले. "लाभ, दोन, तीन." पण जाताना म्हणाले, "कबूल."

आमच्याकडे धान्य किंवा दूध मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बरकत राहते, अशी समजूत. माझी आजीही तांदूळ मोजताना तसंच म्हणायची. पण तिसरीला मी बेरजेला बसवलं आणि ती काड्या मोजताना "लाभ, दोन, तीन" म्हणाली, तेव्हा मी तिच्या पाटीवर छडी आपटली होती. शाळेत एक म्हणायचं. तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून शाळेत एक आणि घरी लाभ असं दोन्ही सांभाळलं. कधी गल्लत केली नाही.

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. पैज लागली की मला चेव येतो. पहिली-दुसरीला गिरवायला देऊन मी तिसरीजवळ बसायचे. आषाढात दिवसचे दिवस ढगांत जायचे, आणि मी पुस्तकातल्या दिशा शिकवायला घेतल्या. "सूर्याकडे तोंड करून उभी राहा," असं पुस्तकात होतं. सूर्य आठ दिवस दिसला नव्हता. तिने बाहेर न बघताच भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "त्यो हितनं उगवतो, भिंतीच्या मागनं." जिल्ह्याचा नकाशा काढला तेव्हा तिने भोर शोधलं, वेल्हे शोधलं, आणि विचारलं, "कापूरहोळ कुठं हाय?" पुस्तकातल्या नकाशावर ते नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून अंदाजाने एक टिंब दिलं. तिने मधली जागा करंगळीने मोजली. "आई दीड बोट लांब हाय," ती म्हणाली. त्या दिवशी मला पुढचं शिकवता आलं नाही. मी मधली सुट्टी लवकर दिली.

पत्राचा पाठ आला तेव्हा तिने आईला पत्र लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं, वडिलांना अडखळत यायचं. उत्तर म्हणून खालून शेवेची पुडी आली. शेव तिने सगळ्यांना वाटली आणि पुडीचा कागद, कुठल्यातरी जुन्या पेपरातला, ओट्यावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला.

आणि कॅलेंडर. त्यांची एक म्हैस दिवाळीच्या पाडव्याला गाभण राहिली होती. आबा अमावास्या मोजायचे. दहा महिने दहा दिवस, हा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता. तिसरीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रकाने मोजत मोजत भाद्रपदातल्या एका तारखेला लाल गोल केला. आबांचं बोटांवरचं उत्तर आणि तिचं कॅलेंडरावरचं उत्तर एकच आलं. म्हैस गोलाच्या दोन दिवस पुढे व्याली. आबा खरवस घेऊन शाळेत आले. "बाई," ते म्हणाले, "माजं अंधारात मोजल्यालं, हिचं उजेडात." मी त्या रात्री घरी नवऱ्याला सांगितलं की ही पोरगी पुढच्या पावसाळ्यातही शाळेत असणार. मला इतकी खात्री होती.

आता दूधवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही वस्तीही चालली नसती आणि मीही. त्याची पिकअप होती. वस्तीचं दूध गोळा करून तो कापूरहोळच्या धाब्यांना आणि चहावाल्यांना घालायचा. रोज सकाळी तो रिकामे कॅन घेऊन कापूरहोळहून निघायचा. मी भोरहून एसटीने कापूरहोळला उतरायचे आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसून वर जायचे. संध्याकाळी उतरायला पाय होते. चढायला मात्र पिकअप हवी होती, नाहीतर जीपच्या फाट्यापासून दीड तासाची चढण. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. चार वर्षांत त्याने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. "शाळंच्या बाई हायत," म्हणायचा.

माणूस वाईट नव्हता, हे मी माझी बाजू मांडायला म्हणून सांगत नाही. वस्तीवर वर येणारी ती एकच गाडी. रेशन त्याच गाडीतून यायचं, पुस्तकं त्याच गाडीतून आली. त्या श्रावणात तिसरीच्या आजीला तापाने भ्रम झाला, तेव्हा रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहत असताना त्याने गाडी वर घातली आणि तिला भोरला दवाखान्यात पोचवलं.

तर डिसेंबरात तो पाठ आला. शाळेला मिळालेल्या साहित्यात एक लीटरचं प्लॅस्टिकचं मोजपात्र होतं, बाजूला शंभर-शंभरच्या रेघा असलेलं. मी शिकवलं की पाणी रेघेला टेकलं की डोळा रेघेच्या सरळीत आणून बघायचं. एकदा मोजून विश्वास ठेवायचा नाही, तीनदा मोजायचं. तिन्ही वेळा तेच आलं तर ते खरं, मग समोर कुणीही असो. हे शेवटचे चार शब्द माझेच. पुस्तकात ते नाहीत.

मी तिला मोजपात्र घरी नेऊ दिलं. दुसऱ्या दिवशी तिने वहीत घरातली सगळी भांडी मांडून आणली. तांब्या, चरवी, कळशी, आजीचा चहाचा पेला. प्रत्येकासमोर तीन-तीन आकडे. मी तिला वहीत 'छान' लिहून दिलं, आणि ती वही बघायला आबांना बोलवायचं ठरवलं. तिला कळलं असावं की आबांनी ज्याची चेष्टा केली होती ते अजून राहिलं आहे. दुधाचं माप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपमधून उतरले तेव्हा ओट्यापाशी नेहमीसारखीच माणसं जमली होती, किटल्या आणि चरव्या घेऊन. थंडी होती, बायका पदर डोक्यावरून घट्ट ओढून उभ्या होत्या. दूधवाल्याने कॅन उतरवले आणि गाडीतून माप काढलं. लांब दांड्याचं, ॲल्युमिनियमचं, त्याच्या वडिलांच्या वेळचं. एका मापाला तो एका लीटरचे पैसे द्यायचा. तेवढ्यात तिसरी पुढे झाली. एका हातात शाळेचं मोजपात्र, दुसऱ्या हातात पाण्याची बादली.

"मामा, तुमचं माप द्या की वाईच."

"घे की. पर धुऊन दे," तो म्हणाला, आणि हसला. सगळेच हसले. मीही.

तिने माप पाण्याने काठोकाठ भरलं आणि मोजपात्रात ओतलं. पाणी वरच्या रेघेला टेकलं. तिने गुडघ्यावर बसून डोळा रेघेच्या सरळीत आणला. मापात अजून पाणी होतं. मोजपात्र रिकामं करून तिने ते उरलेलं पाणी त्यात घेतलं आणि पुन्हा बघितलं. मग सगळं पुन्हा. मग तिसऱ्यांदा. तोवर हसणं थांबलं होतं आणि बायका जवळ सरकल्या होत्या.

"मामा, ह्यात लीटरपरीस जास्त मावतंय," ती म्हणाली. "एक लीटर, वर शंभर, आनि वर आजीच्या चहाएवढं."

ती भांडायला आली नव्हती. तिला वाटत होतं की दूधवाल्याला हे माहीत नाही, आणि कळलं की त्याला बरं वाटेल. तिचा चेहरा अगदी तसा होता, वहीत 'छान' मिळतो त्या वेळेचा.

दूधवाल्याने तिच्याकडे बघितलं नाही. आबांकडेही नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमी शिकल्याल्या हाय. तुमीच सांगा. पोरीचं बराबर का माजं?"

मी उभी होते तिथून रेघ दिसत होती. मला मोजायचीसुद्धा गरज नव्हती. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण तेवढ्यात माझ्या मनात काय काय आलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. हा उद्या वर आला नाही तर यांचं दूध नासेल. आजारी माणसाला कोण नेईल. हे सगळं खरंच होतं. पण सगळ्यात आधी आली ती चढण. दीड तासाची चढण आणि माझे गुडघे.

"अगं, शाळेचं हे भांडं म्हणजे खेळण्यातलं," मी म्हणाले. "प्लॅस्टिक आहे, उन्हाने वाकतं. त्याच्यावर नाही जायचं. तुझं मोजताना चुकलं असेल."

"तीनदा मोजलं बाई."

"मग तीनदा चुकलं असेल."

"तुमीच सांगितलंया, तीनदा मोजल्यावर..."

"उलट बोलू नकोस!" मी ओरडले. चांगली ओरडले. ओरडायची सवय असली की असं होतं, जिथे आवाज चोरायला हवा तिथे तो आणखी चढतो.

आबा पुढे आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला दूधवाल्याच्या पाया पडायला लावलं. "लेकरू हाय, चालायचंच," दूधवाला म्हणाला. खरंच म्हणाला तसं, रागाने नाही. मग त्याने माप पुसलं आणि मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. पुढच्या सकाळी मी कापूरहोळला उतरले तेव्हा त्याने माझी सीट पुसून ठेवली होती. मी बसले.

माप मोजलं त्याच दिवशी, मुलं घरी गेल्यावर मी पर्समधली विकतच्या पाण्याची लीटरची बाटली त्या मोजपात्रात ओतली. पाणी बरोबर रेघेवर आलं. मला ते येणार हे माहीत होतं, तरी ओतून बघितलं. मग ओट्यावर बसून रडले. रडून झाल्यावर मोजपात्र कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं, जणू त्यानेच काही केलं होतं.

तिसरीने शाळा चुकवली नाही. रोज यायची, पाणी भरायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची. अक्षर आणखी सुधारलं. पण 'मधला नंबर कुनाचा' असलं काही विचारायचं तिने सोडून दिलं. गणित सुटलं की उत्तर लिहिण्याआधी ती मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी मान हलवली तर लिहायची. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवायचे, तर ती पेन्सिल हातात धरून थांबून राहायची, कितीही वेळ. मला ते सहन व्हायचं नाही. मी मान हलवायचे.

मी तिला खरं का सांगितलं नाही? रोज सांगायचं ठरवायचे. कापूरहोळपर्यंत एसटीत वाक्य जुळवायचे, आणि पिकअपमध्ये बसलं की ती वाक्यं विरून जायची. शेजारी बसलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याच्या मापाचं कसं बोलायचं, असं स्वतःला सांगायचे. हे कारण किती फुसकं होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तिचे पेपर मी घरी तपासले. भाषा, गणित, परिसर, इंग्रजी, कुठेही चूक नाही. 'एक लीटर म्हणजे किती मिलिलीटर?' त्याच्यासमोर हजार, सुंदर अक्षरात. प्रगतिपुस्तक घेऊन मी आबांच्या घरी गेले. आत्याच्या लग्नाचे तांदूळ निवडणं चाललं होतं. आबांनी मला बाहेर दगडावर बसायला पोतं टाकलं.

"आबा, कबूल केलं होतंत," मी म्हटलं. "घड्याळ येतं, कॅलेंडर येतं, औषध वाचते. अजून काय पाहिजे?"

आबांनी दारातून आत डोकावलं. कुणी ऐकत नाही हे बघून ते हळू आवाजात बोलले.

"बाई, माप मोठं हाय ते म्हाईत हाय मला. माज्या बापालाबी म्हाईत हुतं. पावसापान्यात गाडी वर येती, माणूस मरायला लागलं तरी येती, त्याचं ते वरचं दूध. कुनी बोलत न्हाई, पर ठरल्यालं हाय. त्या दिशी म्या गप ऱ्हायलो ते पोटासाठी. तुमी कशापायी गप ऱ्हायलासा?"

सीटसाठी, हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांना ते माहीत होतं.

"तुमी नुसत्या गप ऱ्हायला असता तरी चाललं असतं," आबा म्हणाले. "पर तुमी तिचं चुकलं म्हनलासा. रातच्याला पोर मला इचारती, आबा, माजं कुठं चुकलं? तांब्या घिऊन रातभर मोजतीया, माजं चुकंना. आता म्या काय सांगायचं? तुज्या बाई लबाड बोलल्या म्हनू? का तुजं चुकलं म्हनू?"

"काय सांगितलंत?"

"तुजं चुकलं म्हनलं. तुमचं नाव राखलं." त्यांनी प्रगतिपुस्तक हातात घेतलं, उलटं-सुलटं बघितलं आणि जपून कोनाड्यात ठेवलं. "खरं मोजून जर पोर खोटी ठरती, तर म्होरं शिकून तिचं काय व्हायचं बाई? हितं म्हशीमागं निदान कुनी तिला चूक म्हननार न्हाई."

मी त्यांच्याशी भांडू शकले असते. कायदा होता, वरती कळवता आलं असतं. जूनमध्ये मी कळवलंसुद्धा, आणि आबांनी तिचं नाव पटावर राहू दिलं. नावाला चौथी. हजेरी मात्र लागायची महिन्यातून दोन-तीन दिवस. पण मी हे पुढचं आधीच सांगून बसले. त्याआधी मे महिन्यात मी एकदा वर गेले होते.

आत्याचं लग्न होऊन आठ दिवस झाले होते. शाळेला सुट्टी होती, दूधवाल्याला मी सांगितलं नव्हतं. जीपच्या फाट्यापासून चालत गेले, ते मोजपात्र पिशवीत घालून. दीड तास नाही, मला अडीच लागले. तीन ठिकाणी बसले. करवंदीच्या जाळ्यांना फळ लागलं होतं आणि म्हशी वरच्या सपाटीला चरत होत्या. ती एका खडकाच्या सावलीत बसली होती, हातात काठी, अंगावर आत्याचं जुनं जाकीट. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात उठायची तशी.

मी दम खात बसले. तिने मला न विचारता तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. मग मी मोजपात्र काढून मधे ठेवलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी नंतर मोजून बघितलं, तुझं अगदी बरोबर होतं. मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर खोटं बोलले, कारण मला रोज चालत यायचा कंटाळा होता. चूक माझी होती, तुझी नाही. आबांनीही तुला माझ्यासाठी खोटं सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीपुढे मी हात जोडले की नाही ते मला आठवत नाही. जोडले असतील.

तिने सगळं ऐकून घेतलं. नजर खाली होती. "व्हय बाई," ती म्हणाली.

"कळलं ना तुला? तुझं बरोबर होतं."

"व्हय बाई."

दोन्ही वेळा अगदी एकसारखं म्हणाली. मी हलवलेल्या मानेला जसं उत्तर लिहायची, तसं. मी तिच्याजवळ सरकले, मोजपात्र तिच्या हातात दिलं, तिच्याच बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतायला लावलं. तिने ओतलं. पाणी मधल्या कुठल्याशा रेघेला टेकलं.

"आता सांग. किती आहे?"

ती वाकली नाही. डोळा रेघेच्या सरळीत आणला नाही. भांडं दोन्ही हातांत नीट धरून तिने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबून राहिली. मी चेहरा कोरा ठेवला. या वेळी मान हलवायची नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. खाली एक म्हैस उताराकडे निघाली, तिचं तिकडे लक्ष गेलं, तरी ती भांडं धरून उभीच.

"बाई, म्हस चालली," ती शेवटी म्हणाली. "किती हाय ते तुमी सांगा, म्या तेवढंच म्हनते."